मेघमाळचा गिलावा

बंद पडलेल्या इमारतीत शिरलं की रणधीर इंगवले सगळ्यांत आधी दिव्याचं बटण दाबायचा. इचलकरंजीची बंद सूतगिरणी, राधानगरी रस्त्यावरचं ओसाड विश्रामगृह, मिरजेतलं छप्पर बसलेलं थिएटर... अशा कितीतरी जागा त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सुनेत्रानं, पालथ्या घातल्या होत्या. तो फोटो काढायचा, ती बॅटरी धरून पुढं चालायची. बटणाचा नुसता खटका वाजायचा, दिवा कधीच लागायचा नाही, आणि रणधीर समाधानानं म्हणायचा, "गेली बिचारी. चल आत."

मेघमाळ वसाहतीतल्या पहिल्याच इमारतीत त्यानं बटण दाबलं आणि जिना उजळला.

दोघं दारातच थबकली. बाहेर भर दुपारी धुकं इतकं दाट होतं की आत्ताच ओलांडलेलं फाटक दिसत नव्हतं. आत मात्र दिवा स्वच्छ पांढरा, जराही न लुकलुकता जळत होता. लिफ्टच्या दारावर लाल आकडा होता. वर कुठंतरी पंखा फिरत होता.

"कुणी राहतंय का रे इथं?" सुनेत्रानं हळूच विचारलं.

"कुणीसुद्धा नाही. रस्ता गेला तेव्हापासून ओस पडलंय. गावडेकाका काय म्हणाले, ऐकलंस की."

आंबोलीच्या पलीकडं, जिथं दरडीनं रस्ता तोडला होता, तिथं गावडेकाकांची चहाची टपरी होती. गाडी तिथंच लावून पुढं चालत यावं लागे. काकांनी चहा दिला, कॅमेऱ्याच्या पिशवीकडं पाहिलं, तिथं आता कुणी राहत नाही असं सांगितलं आणि वर एवढंच म्हणाले, "थंय जातलास तर पाणी घेवन जावा. भरपूर. घसो सुकता थंय." रणधीरला हसू आलं होतं. जिथं चार महिने कपडे वाळत नाहीत तिथं पाणी वाहून न्यायचं! सुनेत्रानं मात्र दोन बाटल्या भरून घेतल्या होत्या.

आता तिनं भिंतीजवळ जाऊन बॅटरीचा झोत टाकला. भिंत राखाडी होती, मखमलीसारखी. ती कोल्हापुरात कॉलेजवर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तिला एकदम आठवलं. "हे नभोदीपवाल्यांचं काम. रणधीर, इथं तारा आल्याच नव्हत्या कधी. वीज भिंतीतूनच येतेय."

"भिंतीतून?"

तिनं सांगितलं ते असं. चिखलात राहणारे काही जिवाणू असतात. त्यांच्या अंगावर प्रथिनांचे केसासारखे धागे उगवतात आणि त्या धाग्यांतून वीज वाहू शकते. असे धागे दाटीनं पसरून पातळ पापुद्रा केला आणि दमट हवेत ठेवला, तर त्याची वरची बाजू हवेतली वाफ जास्त शोषते, खालची कमी. वर ओल, खाली कोरड. या फरकामुळं विद्युतभार एका बाजूला सरकतात आणि वीज मिळू लागते. ऊन नको, वारा नको, फक्त हवेत ओलावा हवा. प्रयोगशाळेत ही वीज अगदी किरकोळ असायची. नभोदीप कंपनीनं पापुद्र्यांवर पापुद्रे चढवले आणि जिवाणू जिवंतच ठेवले, थेट गिलाव्यात. तडा गेला की ते वाढून तो बुजवत. घराच्या भिंतीच घराचे दिवे, पंखे, फ्रीज चालवत. आणि वर्षातले कित्येक महिने ढग जिथं जमिनीवर उतरलेले असतात, अशा या घाटमाथ्यावर कंपनीनं पहिली वसाहत उभी केली होती.

"म्हणजे मेन स्विच नाहीच?"

"नाही. भिंत जिवंत आहे तोवर वीज आहे."

रणधीरनं मान डोलावली आणि तो जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यानं वरून हाक मारली, "सुनेत्रा, लवकर ये!"

ती घाबरून धावली. लहानपणापासून त्याला दमा होता, बुरशीनं उठणारा. पावसाळ्यात घराच्या भिंतींना ओल धरली की त्याची छाती शिट्टी वाजवायला लागायची. औषधाचा पंप खिशात असल्याशिवाय तो गल्लीच्या टोकालासुद्धा जात नसे. ती वर पोचली तेव्हा तो कठड्याला टेकून हसत होता.

"ऐक," तो म्हणाला. त्यानं खोल श्वास घेतला आणि सोडला. काही आवाज आला नाही. "ऐकलंस? कायसुद्धा नाही!"

तिनं त्याच्या छातीला कान लावला. खरोखरच काही नव्हतं. हवा कोरडी खडखडीत होती. भिंतींनी सगळी ओल पिऊन टाकली होती. अशा हवेत बुरशी जगणार तरी कशी? उरलेले मजले तो पळतच चढला.

वरच्या एका सदनिकेत त्यानं कॅमेऱ्याची तिपाई मांडली. सोफा, जेवणाचं टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. फोटो काढता काढता तो कुरकुरायला लागला. "उजेडाचा मीटर चुकतोय. प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा उजळ येतोय."

"मीटर बरोबर आहे," सुनेत्रा वर बघत म्हणाली. "दिवाच वाढतोय."

दोघं बाहेर जाऊन उभी राहिली. खोलीतला दिवा हळूहळू मंद झाला. परत आत आली, जरा थांबली. दिवा चढू लागला.

"आपला श्वास," ती म्हणाली. "श्वासात वाफ असते. भिंतीला तेवढी पुरतेय."

"म्हणजे आपण आलोय हे हिला आवडलं!" रणधीर खूश झाला.

सुनेत्राला ते आवडलं नाही. खिडकीच्या कडेला एक खार पडलेली होती. तिनं पेनानं उचलून पाहिली. कुजलेली नव्हती, वास नव्हता, वजनही नव्हतं. वाळलेल्या पानासारखी ती पेनावर हलली. सुनेत्रानं लेन्स पुसायच्या कापडात थोडा गिलावा खरवडून घेतला आणि म्हणाली, "चल, निघू या." फाटकापाशी तिच्या नाकातून रक्त आलं. दोन्ही बाटल्या तेव्हा रिकाम्या होत्या. कधी प्यायलं, दोघांनाही आठवत नव्हतं.

कोल्हापुरात परतल्यावर पुन्हा ते नेहमीचं सुरू झालं. भारनियमन, बंद पंखे, कपाटामागं काळी बुरशी, उशाला पंप. पुढच्या रविवारी रणधीर एकटाच मेघमाळला गेला. त्याच्या पुढच्या वेळी मुक्कामाला राहिला. मग त्यानं तिथल्या एका सदनिकेत खाट टाकली, लॅपटॉप नेला आणि फोटोंचं काम तिथूनच करू लागला. फोनवर त्याचा आवाज असा मोकळा यायचा की सुनेत्राला नवल वाटे. लग्नापासून तिनं तो आवाज तुटक तुटकच ऐकलेला होता.

"मी आज गायलो, ठाऊक आहे? मोठ्यानं. अख्ख्या इमारतीत घुमत होतं."

"पाणी पितोस ना नीट?"

"पितो की. पण तहान अशी लागत नाही इथं."

तिला त्याचा आनंद हिरावून घ्यायचा नव्हता, म्हणून ती गप्प बसली. मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं तो खरवडलेला तुकडा काचेच्या पेटीत ठेवला होता. पेटीतली हवा कोरडी केली. एका टोकाला ओल्या कापसाचा बोळा ठेवला. दुसऱ्या टोकाला एक नळी लावली, जिच्यातून छोटा पंप उबदार वाफेचा हलका झोत सोडायचा, थांबायचा, पुन्हा सोडायचा. तिची अपेक्षा होती की पापुद्रा बोळ्याकडं वाढेल, कारण पाणी तिथं जास्त होतं. पण बोळ्याकडं तो ढुंकूनही वळला नाही. तो नळीच्या तोंडाकडं सरकत गेला आणि तोंडाभोवती जाड होत गेला. नुसता ओलावा त्याला नको होता. त्याला येणारा-जाणारा ओलावा हवा होता. श्वास हवा होता.

त्याच दिवशी तिनं खटपट करून डॉ. कुमुद वाळिंबे यांचा नंबर मिळवला. नभोदीपमध्ये हे जिवाणू बाईंनीच निवडून वाढवले होते. आता त्या निवृत्त होऊन पुण्यात राहत होत्या. सुनेत्रानं त्यांना सगळं सांगितलं.

"मॅडम, रस्ता गेला म्हणून लोक गेले ना तिथून?" सुनेत्रानं विचारलं.

"रस्ता नंतर गेला. लोक आधीच निघायला लागले होते. ओठ फुटायचे, डोळ्यांत खडे रुतल्यासारखं व्हायचं, म्हाताऱ्या माणसांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. कंपनीनं हवेचा दोष म्हणून सोडून दिलं." बाई थांबून थांबून बोलत होत्या. "आम्ही जास्त वीज देणारे जिवाणू निवडत गेलो. एक गोष्ट विचारात घेतली नाही. उन्हाळ्यात तिथलं धुकं जातं. मग हे उपाशी पडणार. त्यांतले तगले कोण? ज्यांना माणसांच्या श्वासावर जगता आलं ते. प्रत्येक उन्हाळ्यात तेच तेवढे उरत गेले. माणसं गेल्यावर खारी, पाखरं, वटवाघळं. जे आत येईल ते."

"माझे मिस्टर तिथं राहतायत, मॅडम."

"किती दिवस?" बाईंचा आवाज बदलला. "कोरड्या थंड हवेत तहान कळत नाही. घाम दिसतसुद्धा नाही, जागच्या जागी उडून जातो. त्यांना आजच्या आज आणा. आणि तो नमुना मला पाठवा. हे कुणाला तरी दाखवायला हवं, म्हणजे ते गिलावे उतरवून टाकतील."

सुनेत्रानं नमुना पाठवला, सोबत प्रयोगाची सगळी माहिती पाठवली. मग त्याच रात्री एका शिल्लक तुकड्यावर तिनं हाताशी होतं ते ते टाकून पाहिलं. मिठाच्या पाण्यानं तो दबला, पुन्हा उठला. भिजवलेल्या चुन्यानं मात्र तो मेला, पुन्हा उठला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून कळीचा चुना आणि कुंचा घेऊन ती घाटाकडं निघाली.

दिवाळी जवळ आली होती. धुकं ओसरलं होतं, आकाश निळं होतं. दार रणधीरनंच उघडलं आणि तिला क्षणभर तो ओळखू आला नाही. गालफडं बसली होती. हातांची कातडी सुरकुतून खवल्यांसारखी झाली होती. डोळे मात्र हसत होते.

"ये! बघ, कसं लावलंय घर."

भिंतीवर त्यानं फोटो टांगले होते. आतल्या खोलीत दिवा इतका प्रखर होता की डोळे दिपत. सुनेत्रानं खाटेकडं पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली आली. उशीच्या बाजूची भिंत पुढं आली होती. गिलाव्याला फुगवटा आला होता, झाडाच्या खोडावर आळंबं वाढावं तसा, आणि त्याची कड उशीवर झुकली होती. खाटेच्या पायांवरून राखाडी थर चादरीपर्यंत चढला होता.

"हे काय आहे, रणधीर?"

"तो येतो तसा. मी खाट लांब सरकवली तर चार-पाच दिवसांत तिकडं येतो." तो अशा सुरात बोलत होता, जणू पाळलेल्या जनावराबद्दल सांगतोय. "त्रास काही देत नाही."

तिनं त्याला सगळं सांगितलं. प्रयोग, वाळिंबेबाई, वाळलेली खार. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"मला कळतंय सुनेत्रा, वजन उतरलंय माझं. जास्त पाणी पीत जाईन."

"पाण्याचा प्रश्न नाही. तू जितकं पिशील तितकं ती भिंत घेईल. चल घरी."

"घरी काय आहे?" त्याचा आवाज चढला. "तो पंप? उकिडवं बसून हवेसाठी धडपडायचं, तू पाठ चोळायची, मी मेलो तर नाही ना म्हणून बघायचं? मला आठवतं तेव्हापासून प्रत्येक श्वास मी मागून घेतलाय. इथं मागावा लागत नाही. तुला ते कळणार नाही, तुझी छाती चांगली आहे."

"तू मरशील इथं."

"तिथं तरी काय वेगळं चाललं होतं?" तो म्हणाला, आणि कॅमेरा उचलून गच्चीवर निघून गेला.

सुनेत्रानं न्हाणीघरातली बादली आणली, त्यात चुना टाकला, गाडीतून आणलेलं पाणी ओतलं. चुना खदखदून उकळला. तोंडाला ओढणी बांधून तिनं कुंचा बुडवला आणि पहिला फटकारा त्या फुगवट्यावर मारला.

भिंतीतून बारीक सुस्कारल्यासारखा आवाज झाला. राखाडी मखमल आक्रसली, पिवळी पडली, पोपडे धरून गळू लागली. ती मारत राहिली. आधी उशीची बाजू, मग समोरची, मग दाराची. दिवा पिवळट झाला, मग लालसर, मग विझला. पंखा घरघरत थांबला. उघड्या खिडकीतून दरीतली दमट हवा आत शिरली आणि तिच्या चेहऱ्याला लागली.

रणधीर दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"तू मला विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

"मग?"

तिनं कुंचा बादलीत टाकला. तो खाटेच्या कडेवर बसला आणि पहिल्यांदा खोकला. चुन्याचा वास, ओल, महिनोन्महिने कोरडी पडलेली छाती. थोड्याच वेळात त्याची शिट्टी सुरू झाली. तिनं त्याला खांद्याचा आधार देऊन जिना उतरवला. खिशातला पंप दोनदा दिला, पण औषध जणू आत पोचतच नव्हतं. फाटकाबाहेर दरीतून संध्याकाळचं धुकं वर सरकत होतं. तुटलेल्या रस्त्याच्या अर्ध्यावर त्याचे पाय गळाले. ओठ निळे पडले होते. ती ओरडली, आणि आवाज टपरीपर्यंत पोचला. गावडेकाका आणि त्यांचा जावई धावत आले. त्यांनी रणधीरला पाठीवर घेतलं. जावयाच्या जीपमध्ये सुनेत्रानं त्याचं डोकं मांडीवर ठेवलं होतं. आपल्या हातानं आपण याला मारलं, एवढा एकच विचार तिच्या मनात होता.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, रक्त दाट झालं होतं, मूत्रपिंडं निम्मी कामातून गेली होती. आणखी थोडे दिवस तिथं काढले असते तर उपयोग नव्हता. शुद्धीवर आल्यावर त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "सगळी इमारत रंगवलीस?"

"नाही. तेवढी एकच खोली."

त्यानं डोळे मिटले. त्याला हायसं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं, आणि सुनेत्राला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

घरी आल्यावर तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. औषध घेतलं का, घेतलं. जेवायचं का, वाढ. भांडण झालं असतं तर बरं, असं तिला वाटे. तिनं वाळिंबेबाईंना फोन केले, पण त्यांनी उचलले नाहीत. उन्हाळा लागता लागता त्यांचाच फोन आला.

"सुनेत्रा, मी तुमचा नमुना जुन्या सहकाऱ्यांना दिला," त्या म्हणाल्या. "धोका कळावा म्हणूनच दिला. त्यांनी तुमचा प्रयोग उलटा वाचला."

"उलटा म्हणजे?"

"त्यांची इतक्या दिवसांची अडचण काय होती? गिलाव्याला धुकं लागतं. शहरात धुकं नाही. आता त्यांना असा जिवाणू मिळालाय ज्याला धुक्याची गरजच नाही. माणसं जमतील तिथं तो चालतो. मला माफ करा."

पाऊस सुरू व्हायच्या आत जाहिराती झळकल्या. गिलाव्याचं नाव 'श्वासदीप' होतं. खाली लिहिलं होतं, 'जिथं माणसं, तिथं उजेड.' भारनियमनाला कंटाळलेल्या लोकांना दुसरं काय हवं होतं? आधी दवाखाने, मग थिएटरं, मग शाळा. सुनेत्रानं वर्तमानपत्रांना पत्रं पाठवली, अधिकाऱ्यांच्या दारात बसली. सगळे अदबीनं ऐकत. एक जण म्हणाला, "मॅडम, जागोजागी पाण्याचे नळ बसवणार आहेत ना. मग काळजी कसली?"

आणि कंपनीचा माणूस घरी आला, तो तिच्यासाठी नाही, रणधीरसाठी. पुण्यात लहान मुलांच्या दम्याचा एक कक्ष उघडणार होता, सगळ्या भिंतींना श्वासदीप. मेघमाळमध्ये मोकळा श्वास घेतलेला माणूस म्हणून त्यानं दोन शब्द बोलावेत. सुनेत्रा स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती.

"येतो," रणधीर म्हणाला.

तो गेला त्या दिवशी तिनं त्याला अडवलं नाही. अडवायचा हक्क आपण घाटात वापरून टाकला, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला. बूट न काढताच स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. दम लागलेला होता.

"पोरं खेळत होती," तो म्हणाला. "पळत होती गं, त्या कक्षात. एकाच्याही छातीत आवाज नव्हता. एकीची आई माझ्या पाया पडायला लागली. मी काय केलं होतं?"

सुनेत्रानं गॅस बंद केला.

"मी भाषण केलं. खरं तेच बोललो, मला तिथं श्वास मिळाला म्हणून. मग फीत कापून झाल्यावर सगळे चहाला गेले. मी खाटांच्या मागून चालत गेलो. कक्ष उघडला कालच, पण पोरं तिथं आधीपासून ठेवलेली आहेत, चाचणी म्हणून." त्यानं हातानं आपल्या डोक्याच्या मागं, कानाजवळ, खूण केली. "प्रत्येक उशीमागं भिंत पुढं यायला लागलीय. एवढी एवढीशी. कुणाला दिसतही नाही. मला दिसली."

"सांगितलंस कुणाला?"

"सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, गिलाव्याला पोत असतोच. त्या आईला सांगितलं. तिनं पोरीला जवळ ओढून घेतलं आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच तिच्या तोंडावर उशी ठेवायला आलोय. मी पण तुझ्याकडं असंच बघितलं होतं."

त्याला खोकला आला तेव्हा ती पाठ चोळायला पुढं झाली, आणि त्यानं चोळू दिली.

जुलैमध्ये सुनेत्राच्या कॉलेजला गिलावा झाला. वर्ग गार, कोरडे, लख्ख. पावसातसुद्धा पंखे फिरत होते. मुलं खूश होती. पहिल्याच आठवड्यात तिनं आत वर्ग घ्यायला नकार दिला आणि आवारातल्या जुन्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली फळा लावला. प्राचार्य जाधव स्वतः छत्री घेऊन आले.

"इंगवले मॅडम, हे काय चालवलंय? आत सगळी सोय आहे."

"मुलांच्या ओठांकडं बघा एकदा, सर."

"पावसाळी हवा आहे, व्हॅसलिन लावतील. तुमची तळमळ मला कळते, पण असं केलंत तर मला वर कळवावं लागेल."

"कळवा, सर."

पहिल्या दिवशी निम्मा वर्ग कुतूहलानं आला. मग पत्र्यावरचा पाऊस, डास, ओल्या वह्या यांना कंटाळून एकेक जण आत जाऊ लागला. शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी मुलं उरली. त्यातली एक कागलची मुलगी, रुक्साना, रोज सगळ्यांत आधी येऊन फळा पुसून ठेवायची.

एका दुपारी झड लागली होती. सुनेत्रा पेशीच्या आवरणातून पाणी आत-बाहेर कसं जातं ते शिकवत होती. फाटकातून एक छत्री सावकाश येताना दिसली. दर चार पावलांवर ती थांबत होती. जवळ आल्यावर तिनं ओळखलं.

"अरे, तू इथं कशाला आलास? किती ओल आहे. घरी जा."

"घरी पण ओलच आहे." रणधीरनं छत्री मिटली, खिशातून पंप काढून एकदा घेतला आणि मागच्या बाकाकडं गेला. रुक्सानानं सरकून जागा दिली. "तू शिकव. इतक्या वर्षांत तू वर्गात काय बोलतेस ते ऐकलंच नाही मी."

"मॅडम, सरांना त्रास होतोय," रुक्साना दबकत म्हणाली.

"होणारच," रणधीर म्हणाला. "बसू दे मला."

सुनेत्रानं इमारतीकडं पाहिलं. सगळ्या मजल्यांवरचे दिवे लागलेले होते आणि खिडक्यांतून मुलांची डोकी दिसत होती, दाटीवाटीनं बसलेली. मग ती फळ्याकडं वळली आणि अर्धवट राहिलेली आकृती पुरी करू लागली. मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि त्यातही त्याच्या छातीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तिनं आपला आवाज जरा चढवला, म्हणजे मागच्या बाकापर्यंत पोचेल.